वाहनाच्या पोटाखालील ढाल : खडतर वाटेवरील वाहनांचे तळपत्रे

बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवितात, शेतकऱ्याच्या वहाणेला नाल मारतात. या तिन्ही गोष्टींच्या मागे विचार एकच आहे. जो भाग भूमीला घासावयाचा, त्याच्या आणि भूमीच्या मध्ये असे काही घालावे की झीज त्याची व्हावी, मूळ वस्तूची होऊ नये. आणि ते झिजले म्हणजे काढून दुसरे बसविता यावे. डांबरी रस्ता सोडून रानावनातून धावणाऱ्या यंत्रवाहनाच्या पोटाखाली जो पत्रा बसवितात, तो याच विचाराचा पुढचा टप्पा होय. कारखान्यांतून त्याला ‘स्किड प्लेट’ म्हणतात. आपण त्याला तळपत्रा म्हणू. पत्रीचे काम झीज सोसण्याचे असते. तळपत्र्याला त्याहून एक काम अधिक करावे लागते, ते म्हणजे धडकेचे घसरणीत रूपांतर करणे. हे कसे घडते ते पाहू.

वाहनाची रचना

दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या गिअरपेटीखाली पोलादाचा असा पत्रा होता. हल्ली ‘साइड-बाय-साइड’ या नावाने ओळखली जाणारी लहान वाहने निघाली आहेत. त्यांत चालक आणि सोबती शेजारी-शेजारी बसतात, दोघांनाही आसनपट्टे असतात आणि वाहन उलटले तरी डोकी सुरक्षित राहावीत म्हणून सभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. चारही चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वर-खाली होतात. यांपैकी बहुतेक वाहने सार्वजनिक रस्त्यासाठी नसतात. मळे, खाणींचे परिसर, वाळवंटे आणि डोंगर हे त्यांचे क्षेत्र. लडाखसारख्या उंच प्रदेशात भारतीय लष्करानेही ती वापरात आणली आहेत. आपल्याकडील अभियांत्रिकीचे विद्यार्थी याच जातीची, परंतु एकाच आसनाची वाहने स्वतः बांधतात. ‘बाहा एसएई इंडिया’ ही त्यांची स्पर्धा २००७ साली मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे सुरू झाली.

या वाहनाचे पोट भूमीपासून सुमारे २५ ते ३५ सेंटिमीटर उंच असते. त्या पोटात इंजिनाचे तेलपात्र, गिअरपेटी, चाके फिरविणारे दांडे, इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या इतके सर्व दाटीने बसविलेले असते. तेलपात्र आणि गिअरपेटी यांची कवचे बहुधा ओतीव ॲल्युमिनियमची असतात. ओतीव धातू हलका आणि आकार देण्यास सोपा असला, तरी टोकदार दगडाचा घाव बसला असता तो वाकण्याऐवजी तडकतो. तेलपात्र फुटले की काही मिनिटांत तेल वाहून जाते आणि इंजिनाचे भाग एकमेकांवर कोरडे घासून जखडतात. वस्तीपासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर रानात हे घडले, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही; परत कसे यावयाचे, असा होतो.

धडक आणि घसरण

माणसांसह ८५० किलोग्रॅम वजनाचे एक वाहन ताशी २० किलोमीटर वेगाने जात आहे असे समजू. त्याच्या अंगी सुमारे १३,००० ज्यूल गतिजन्य ऊर्जा असते. पोटाखालचा एखादा उभा भाग दगडावर आदळून वाहन ५ सेंटिमीटर अंतरात थांबले, तर ही सर्व ऊर्जा त्या ५ सेंटिमीटरांत खर्ची पडली पाहिजे. ऊर्जेला अंतराने भागले असता सरासरी बल निघते २,६०,००० न्यूटन, म्हणजे सुमारे २६ टन वजनाइतके. एवढे बल सोसेल असे कवच हलक्या वाहनाला कधीच देता येणार नाही.

आता त्याच दगडापुढे वर वळविलेला तिरकस, गुळगुळीत पत्रा आणला असे समजा. वाहन न थांबता दगडावर चढते आणि पलीकडे उतरते. संपूर्ण वाहन १५ सेंटिमीटर उचलावे लागले असे धरले तरी त्यास सुमारे १,२५० ज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे अंगच्या ऊर्जेचा दहावा हिस्साही खर्ची पडत नाही! उरलेले काम घर्षणाशी झगडण्याचे. तळपत्र्याचे सारे मर्म येथे आहे. तो घाव अडवून धरीत नाही, घाव निसटू देतो. आणि जेवढे बल उरते तेवढे नाजूक कवचावर न टाकता वाहनाच्या मजबूत सांगाड्यावर नेतो. तळपत्रा कसला असावा आणि कसा बसवावा, हे यावरूनच ठरते.

पत्रा कसला असावा

छत्तीसगडमधील भिलाई हे गाव पोलादामुळे देशाला परिचित आहे. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी जे खास पोलादी पत्रे लागले, ते पुरविणाऱ्या कारखान्यांत बोकारो आणि राऊरकेला यांच्यासह भिलाईचेही नाव आहे. तेव्हा भिलाईच्या वैशाली नगरातील एखाद्या विद्यार्थ्याला तळपत्रा करावयास सांगितले, तर पोलादाकडेच त्याचा हात प्रथम जावा हे स्वाभाविक होय. परंतु थोडे गणित करून पाहावे.

तळाचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरू. ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा घेतला तर त्याचे वजन ४७ किलोग्रॅम भरते. ॲल्युमिनियमचा पत्रा ५ मिलिमीटर जाड घेतला तरी वजन २७ किलोग्रॅमच होते. ॲल्युमिनियम हे पोलादाच्या मानाने जवळजवळ तिपटीने लवचीक. मग ते सहज वाकणार नाही का? येथे जाडी मदतीस येते. पत्र्याची जाडी दुप्पट केली असता वाकण्यास होणारा त्याचा विरोध दुप्पट न होता आठपट होतो. या नियमाने ५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा ३ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याहून दीडपटीने ताठ ठरतो. यासाठी मॅग्नेशियम मिसळलेले, होड्यांच्या बांधणीत वापरतात त्या प्रकारचे ॲल्युमिनियम पसंत करतात. पोलादाचे महत्त्व मात्र याने नाहीसे होत नाही. एकाच ठिकाणी वारंवार टोकदार घाव बसत असतील, तर तेथे पोलादाचाच लहान तुकडा लावणे इष्ट होय.

तिसरा पर्याय प्लॅस्टिकचा आहे. अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन हे बादल्यांच्या प्लॅस्टिकचेच भावंड. परंतु त्यातील रेणूंच्या साखळ्या अतिशय लांब असल्याने ते विलक्षण चिवट आणि निसरडे असते. कृत्रिम गुडघ्यांच्या सांध्यांतही तेच वापरतात. १२ मिलिमीटर जाड घेतले तरी २ चौरस मीटरचे वजन सुमारे २२ किलोग्रॅम भरते. ते दगडावरून सहज सरकते, दबते आणि पुन्हा पूर्ववत होते. त्याचे वैगुण्य उष्णतेत आहे. सुमारे १३० अंश सेल्सिअसला ते वितळू लागते, आणि मऊ तर त्याच्या पुष्कळ आधी होते. म्हणून धूर सोडणाऱ्या तप्त नळीजवळ ते वापरू नये. वापरावयाचेच झाल्यास मध्ये धातूचा आडपडदा हवा.

बसविण्याची रीत

प्रथम वाहन सपाट, टणक जागी उभे करून चाकांना उटी लावावी. जॅकने उचलल्यावर सांगाड्याखाली भक्कम स्टँड द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर वाहनाखाली कधीही शिरू नये; जॅक घसरला वा त्याचे तेल निसटले, तर खालच्या माणसाला बाजूला होण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. मग पोट स्वच्छ धुऊन पाहावे. वाकलेली नळी किंवा तेलाची गळती पत्रा चढविण्यापूर्वीच दुरुस्त झाली पाहिजे, कारण पुढे ती दृष्टीआड होणार.

पत्रा सांगाड्याला जोडताना वेल्डिंग करू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ नळीचा जोडालगतचा भाग दुबळा होतो, शिवाय पत्रा काढता येत नाही. सांगाड्यात मुळात असलेल्या भोकांचा किंवा नळीला घट्ट आवळणाऱ्या पकडींचा उपयोग करावा. पत्रा आणि तेलपात्र यांच्यामध्ये बोटभर पोकळी अवश्य ठेवावी. ती नसेल तर दबलेला पत्राच तेलपात्रावर आघात करील.

पत्रा दोन-तीन तुकड्यांचा असल्यास कौले जशी एकावर एक चढवितात, तशी जोडणी करावी. पुढच्या तुकड्याची मागली कड मागच्या तुकड्याच्या खालून यावी. वाहन पुढे जाते तेव्हा दगड पत्र्याखालून मागे सरकत असतो. जोड उलटा बसला तर त्याची कड दगडात अडकते, आणि जो धक्का टाळावयाचा तोच ओढवून घेतला जातो. याच कारणास्तव बोल्टांची डोकी पत्र्यात खळगे पाडून आत बुडवावीत. बाहेर राहिलेले डोके पहिल्याच खडकावर तुटते.

प्लॅस्टिकच्या पत्र्याला गोल भोके न पाडता लंबगोल पाडावीत. हिवाळ्यातील पहाटेच्या १० अंशांपासून उन्हाळ्यातील दुपारच्या ४५ अंशांपर्यंत तापमान चढले, तर २ मीटर लांबीचा असा पत्रा सुमारे १० मिलिमीटर वाढतो. पोलादाची वाढ १ मिलिमीटरही भरत नाही. वाढीस वाट न मिळाल्यास पत्रा फुगतो किंवा बोल्टाजवळ फाटतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला वेगळे भय आहे. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांस चिकटून राहिले म्हणजे विद्युत्-घटासारखी क्रिया घडते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून पोलादी बोल्टाखाली नायलॉनचा वॉशर घालावा, सांगाड्यास रंगाचा थर द्यावा. सर्व बोल्ट आधी सैलसर लावून मग मध्यापासून कडांकडे क्रमाने आवळावेत. शेवटी चाके पूर्ण वर-खाली आणि डावी-उजवी फिरवून ती कोठेही पत्र्याला लागत नाहीत, याची खात्री करावी.

संरक्षणाची किंमत

कोणतीही ढाल फुकट मिळत नाही. वजन वाढते, भूमीपासूनची उंची थोडी घटते, इंजिनाची उष्णता कोंडते. मातीचा विचार तर विशेष करावा लागतो. भिलाईहून दक्षिणेस दल्ली-राजहराच्या लोहखनिजाच्या डोंगरांकडे निघाले, तर वाटेतल्या प्रदेशात भूमी सारखी बदलते. ‘भाटा’ म्हणजे तांबडी, खडेयुक्त जमीन. ती पत्र्याला कानशीप्रमाणे घासते. ‘कन्हार’ म्हणजे काळी, चिकट जमीन. पावसाळ्यात ती पत्र्याच्या वरच्या बाजूस लिंपून बसते. अशा वीस लिटर चिखलाचे वजन ३५ किलोग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे पत्र्याहूनही अधिक! म्हणून पत्र्याला पाणी निथळण्यासाठी भोके आणि तेल बदलण्यासाठी झाकणाची खिडकी ठेवतात.

भातकापणीनंतरच्या शेतांतून जाताना याहून मोठा धोका संभवतो. कोरडी तणस पत्र्यावर साचून तप्त धूरनळीला टेकली, तर ती पेट घेते. त्यात तेल गळत असेल तर वाहन वाचविणे कठीण. पत्रा नसता तर तीच तणस खाली गळून पडली असती. तळपत्रा दगडापासून रक्षण करतो तो असा आगीला आसराही देऊ शकतो.

यास्तव पहिल्या फेरीनंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि पुढे प्रत्येक फेरीनंतर पत्र्याची पाहणी करावी. पत्र्यावर नवे ओरखडे दिसले तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. त्यातील प्रत्येक ओरखडा म्हणजे टळलेला एकेक घाव होय. परंतु भोकातून तेलाचा थेंब टपकताना दिसला किंवा जळक्या गवताचा वास आला, तर पत्रा काढून आत पाहिल्यावाचून वाहन पुन्हा सुरू करू नये.