गुहेत शूटिंगसाठी घरगुती दिवा

मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांत कॅमेरा न्यायचा बेत असेल, तर महागडे व्हिडिओ लाइट विकत घेण्याआधी हे वाचा.

साहित्य साधं आहे: १० वॅटचा सीओबी एलईडी, ॲल्युमिनियमचा हीटसिंक, स्थिर करंट देणारा ड्रायव्हर आणि ३००० एमएएचचे तीन १८६५० सेल. सिरीजमध्ये जोडले की ११.१ व्होल्ट, म्हणजे साधारण ३३ वॅट-तास. हिशेबाने तीन तास, ड्रायव्हरमधली घट धरली की त्याहून थोडे कमी. बीएमएस बोर्ड मात्र हवाच, लिथियमशी खेळ नको. एलईडी घेताना सीआरआय ९० च्या वर बघा, नाहीतर तांबूस-पिवळा दगडही मेल्यासारखा राखाडी दिसतो. स्वस्त डिमर टाळा. ते दिवा वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करतात. डोळ्यांना कळत नाही, व्हिडिओत पट्टे सरकतात.

आता खरी गंमत. गुहेतली हवा दमट असते आणि आपला श्वास धुकं होऊन समोर तरंगतो. दिवा कॅमेऱ्यावरच लावलात तर आधी तेच उजळतं आणि मागची भिंत सपाट होते. म्हणून दिवा लांब, बाजूला, सोबत्याच्या हातात द्या. दगडाचे कंगोरे तेव्हाच उठून दिसतात. पुढे दुधी ॲक्रिलिक लावलं की सावल्या मऊ पडतात.

वटवाघळांची वस्ती असेल तिथे दिवा बंद. हेल्मेटवरचा हेडलॅम्प आणि राखीव टॉर्च वेगळे.

विमानाने जाणार असाल तर सुटे सेल चेक-इनमध्ये चालत नाहीत. टोकांना टेप लावून हातातल्या बॅगेत ठेवा.