गोंगाट आणि सूर : जिमी हेंड्रिक्सने मागे काय ठेवलं?

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



मघाशी मी बोलायला उभा राहिलो आणि हा माइक कसा किंचाळला, ते तुम्ही ऐकलंत. पुढच्या रांगेतल्या दोघांनी कानांवर हात ठेवले. साउंडवाले धावत आले, त्यांनी स्पीकर थोडा वळवला, मला एक पाऊल मागे व्हायला सांगितलं, आणि किंचाळी थांबली. आजच्या विषयाची सुरुवात त्यांनीच करून दिली म्हणायची. कारण आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे, त्याने नेमक्या ह्याच किंचाळीतून सूर काढला.

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने रॉक गिटारवर का बोलावं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. माझ्या घरीही पडला. त्यामागे एक जुनी उधारी आहे. ऐंशीच्या दशकात मी सौंदर्यशास्त्र शिकवत असे. एका तासाला मी फळ्यावर व्याख्या लिहिली : नियमित कंपनांचा आवाज म्हणजे नाद, अनियमित कंपनांचा तो गोंगाट, आणि संगीत हे नादाचं बनतं. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थी टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट घेऊन आला. म्हणाला, "सर, हे ऐका आणि मग व्याख्या सांगा." मी दोनेक मिनिटं ऐकलं, बटण दाबून बंद केलं आणि म्हणालो, "हा गोंगाट आहे. चला पुढे." वर्ग हसला. तो मुलगा त्यानंतर माझ्या तासाला कधी काही बोलला नाही.

कॅसेट जिमी हेंड्रिक्सची होती. त्या मुलाला जे उत्तर द्यायला हवं होतं, ते आज द्यायचा प्रयत्न करतो.

आधी माणसाची थोडी ओळख. जन्म २७ नोव्हेंबर १९४२, अमेरिकेत सिअॅटल इथे, गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात. १९६१-६२ मध्ये वर्षभर लष्करात, छत्रीधारी सैनिकांच्या १०१व्या डिव्हिजनमध्ये. तिथून सुटल्यावर कृष्णवर्णीयांच्या क्लबांमधून साथीदार म्हणून वणवण. लिटल रिचर्डच्या मागे उभं राहून वाजवलं, आयस्ली ब्रदर्सच्या मागे वाजवलं. सप्टेंबर १९६६ मध्ये चॅस चँडलरने त्याला लंडनला नेलं आणि तिथे तो एकदम पुढे आला. १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्येच वारला. वय सत्तावीस. म्हणजे नावारूपाला आल्यावर हातात चार वर्षं. आयुष्यात पुऱ्या झालेल्या स्टुडिओतल्या तबकड्या तीन. स्वरलिपी वाचता येत नव्हती. एवढ्याशा भांडवलावर पन्नास वर्षांहून जास्त टिकणारा प्रभाव कसा उभा राहिला? इथे खरा प्रश्न आहे.

आता पुन्हा माइककडे येऊ. माइक किंचाळतो म्हणजे काय होतं? माझा आवाज माइकमध्ये शिरतो, अॅम्प्लिफायर तो मोठा करतो, स्पीकर बाहेर टाकतो, आणि तोच आवाज परत माइकमध्ये शिरतो. पुन्हा मोठा, पुन्हा आत. हा फेरा थांबत नाही. ह्याला फीडबॅक म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये एक पायरी वाढते. स्पीकरच्या जोरदार आवाजाने गिटारची तारच पुन्हा थरथरू लागते, तारेखालचं चुंबक ती थरथर पकडतं, आणि फेरा सुरू होतो.

ह्याचा परिणाम नीट लक्षात घ्या. गिटार हे छेडायचं वाद्य. तार छेडली त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. सारंगीसारखा किंवा गळ्यासारखा तो धरून ठेवता येत नाही. फीडबॅकमुळे त्या विझणाऱ्या सुराला श्वास मिळाला. वादक स्पीकरपासून किती अंतरावर उभा आहे, कोणत्या कोनात वळला आहे, ह्यावर कोणता उपस्वर वर येईल हे ठरतं. हेंड्रिक्स रंगमंचावर असा का हलतो, मागे स्पीकरकडे का वळतो? त्यात दिखाऊपणा होता, नाही असं नाही. पण बऱ्याचदा तो जागा बदलून सूर शोधत असे.

दुसरं तंत्र फझचं. आवाज इतका चढवायचा की यंत्राला तो पेलू नये, लाटेचे माथे कापले जावेत, आणि त्यातून नवे उपस्वर फुटावेत. रॉजर मेयर ह्या इंजिनिअरने त्याला ऑक्टेव्हिया नावाचं यंत्र दिलं, त्यातून वाजवलेल्या सुराबरोबर एक सप्तक वरचा सूर निघे. आणि तिसरी गोष्ट हाताची. तो डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरून तारा पुन्हा आपल्या सोयीने चढवायचा. गिटार उलटली की तिच्यातला तिरपा पिकअपही उलटा होतो, त्यामुळे खर्जाच्या तारा जरा धारदार बोलतात आणि वरच्या जरा मऊ. ही गरजेतून झालेली सोय. आज गंमत अशी, की उजव्या हाताच्या लोकांसाठी मुद्दाम तशी उलटी घडण असलेल्या गिटारी दुकानात विकत मिळतात.

हे सगळं त्यानेच पहिल्यांदा केलं का? अजिबात नाही. बीटल्सच्या १९६४ च्या एका ध्वनिमुद्रिकेची सुरुवातच फीडबॅकने होते. पीट टाउनशेंड, जेफ बेक हे लंडनचे वादक ते वापरत होते. आणि वाकवलेल्या तारेचं ते रडणं तर मडी वॉटर्स, बी. बी. किंग, बडी गाय ह्या ब्लूज परंपरेच्या लोकांकडून आलेलं. मग हेंड्रिक्सचं वेगळेपण कशात? इतरांकडे हे आवाज उद्गारासारखे होते. मधेच एक "हाय!" किंवा "अरे!" म्हणावं तसे. त्याने त्यांचं वाक्य केलं. आरंभ, वळण, शेवट असलेलं वाक्य.

आणि माझी फळ्यावरची व्याख्या? ती खरं तर आपल्या तंबोऱ्यापुढेही टिकत नव्हती. निवृत्तीच्या सुमारास मी मिरजेला एका कारागिराकडे बसलो होतो. तो तंबोऱ्याची जवारी काढत होता. घोडीचा माथा किंचित घासायचा, तार आणि घोडी ह्यांच्यामध्ये दोरा सरकवायचा, आणि तार घोडीला हळूच चाटत झणझणू लागली की थांबायचं. ती झणझण काढून टाका, तंबोरा मुका होतो. म्हणजे आपण शतकानुशतकं तारेला खरखरायला लावतो आणि त्या खरखरीतून स्वयंभू गंधार ऐकतो! त्या दुपारी मला ती कॅसेट आठवली. वीसेक वर्षांनी.

आता प्रभाव ह्या शब्दाकडे. कांटने १७९० च्या ग्रंथात प्रतिभेचा विचार करताना एक भेद केला आहे, तो मराठीत फार छान बसतो : अनुकरण आणि अनुसरण. प्रतिभावंताची कृती नियम मोडते आणि स्वतःच नवा दाखला होते. त्या दाखल्याची नक्कल करणारे ते अनुकरण करतात. त्यातून स्वतःची मोकळीक ओळखणारे ते अनुसरण करतात. वारसा म्हणून जे टिकतं, ते दुसऱ्यांच्या हाती असतं.

अनुकरण कशाचं झालं? सगळ्यात जास्त, आगीचं. १८ जून १९६७, कॅलिफोर्नियातलं माँटेरे. वादन संपताना त्याने गिटार पेटवली. त्याच दिवशी दुपारी त्याच महोत्सवात पंडित रविशंकर वाजवून गेले होते, तबल्यावर मुंबईचे उस्ताद अल्लारखा. गिटार जाळण्याचा प्रकार रविशंकरांना फार लागला. वाद्याचा असा अपमान त्यांना सोसण्यासारखा नव्हता आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. आपण दसऱ्याला वाद्याची पूजा करतो, पाय लागला तर नमस्कार करतो. हेंड्रिक्सवर प्रेम करायचं म्हणून त्या आगीचं समर्थन करायला हवं, असं नाही. काडी कोणीही ओढू शकतो. त्या रात्रीचा तेवढाच भाग सर्वांत सोपा होता, म्हणून तोच सर्वांत जास्त उचलला गेला.

अनुसरण करणारे वेगळे. तो आयस्ली बंधूंकडे राहत असताना घरातला धाकटा भाऊ अर्नी लहान होता. पुढे १९७३ मध्ये 'दॅट लेडी'मध्ये त्याने जी गिटार वाजवली, त्यात ते ऐकणं मुरलेलं दिसतं. टेक्ससच्या स्टीव्ही रे वॉनने हेंड्रिक्सची गाणी वाजवली, पण आवाज टेक्ससचाच ठेवला. जॅझमधल्या माइल्स डेव्हिसने ट्रम्पेटला वा-वा पेडल जोडलं. गिल एव्हान्सने १९७४ मध्ये त्याच्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी बसवल्या. क्रोनॉस क्वार्टेटने 'पर्पल हेझ' दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एका चेलोवर वाजवलं. गिटारच नाही, तरी तो आहे. प्रभाव वाद्य बदलूनही ओळखू येतो, तेव्हा तो वरवरचा नाही असं समजायला हरकत नाही.

एक उदाहरण तर उलट दिशेचं आहे. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हे बॉब डिलनचं गाणं, १९६७ चं. पुढच्याच वर्षी हेंड्रिक्सचं रूप आलं. त्यानंतर खुद्द डिलन आपलंच गाणं मैफलीत हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला. शिष्याने गुरूची बंदिश अशी मांडावी की गुरूनेच ती परत शिकावी!

दोन गोष्टी थोडक्यात, कारण त्या टाळून चालणार नाही. पहिली, मृत्यू. झोपेच्या गोळ्यांनंतर श्वास कोंडून तो गेला. सत्तावीसाव्या वर्षी गेलेल्या कलावंतांची एक रम्य यादी केली जाते. मला ती आवडत नाही. जाण्याच्या महिनाभरच आधी न्यूयॉर्कमध्ये त्याचा स्वतःचा स्टुडिओ उघडला होता. स्टुडिओ बांधणारा माणूस पुढच्या कामाचा विचार करत असतो. दुसरी, बाजार. मृत्यूनंतर अर्धवट ध्वनिफिती बाहेर काढल्या गेल्या. १९७५ च्या एका तबकडीत तर मूळ साथीदारांचं वादन पुसून भाडोत्री वादकांचं भरलं. मग ते वादन कोणाचं? १९९५ मध्ये त्याच्या वडिलांना हक्क परत मिळाले, पण कोर्टकचेरीनंतर. वारसा ह्या शब्दाला मालमत्तेचाही अर्थ आहे, तो विसरता येत नाही.

शेवटी त्या कॅसेटकडे येतो. तिच्यात वुडस्टॉकचं राष्ट्रगीत होतं. कार्यक्रम लांबत गेला आणि १८ ऑगस्ट १९६९, सोमवारी सकाळी हेंड्रिक्सची पाळी आली. बहुतेक गर्दी घरी गेली होती. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत सरळ, ओळखू येईल असं सुरू केलं. गीतात जिथे अग्निबाण आणि बॉम्बचा उल्लेख येतो, तिथे गिटारमधून बॉम्ब पडू लागतात, भोंगे वाजतात, काहीतरी किंचाळतं. त्यानंतर एकदम शांत, लष्करी दफनाच्या वेळी बिगुलावर वाजतात ते मोजके सूर येतात. आणि मग राष्ट्रगीत पुन्हा उभं राहून पूर्ण होतं. पुढे दूरदर्शनवरच्या मुलाखतीत त्याला ह्याबद्दल छेडलं, तेव्हा तो शांतपणे एवढंच म्हणाला की आपल्याला तर ते सुंदर वाटलं. तो माजी सैनिक होता, हेही लक्षात ठेवा.

हे वादन चार मिनिटांच्या आत संपतं. मी दोनेक मिनिटांवर बटण दाबलं होतं. म्हणजे मी बॉम्ब ऐकले आणि बिगुल येण्याआधी उठलो. मेलेल्यांसाठी वाजवलेले सूर माझ्या वर्गाला ऐकू आले नाहीत, आणि मी त्याला गोंगाट म्हणालो. त्या गोंगाटाला त्या जागी अर्थ होता, हे पुढचं ऐकल्याशिवाय कळणारच नव्हतं.

तो विद्यार्थी आता साठीला आला असेल. हे भाषण लिहून घेऊन इंटरनेटवर ठेवतात असं संयोजकांनी सांगितलं, म्हणून मुद्दाम बोलतो आहे. वाचत असशील तर, बाबा रे, तुझी हरकत बरोबर होती. व्याख्या मी पुसली आहे.

आता साउंडवाल्यांना विनंती, तेवढे पावणेचार मिनिटं लावा. पूर्ण ऐकू या, मग प्रश्नोत्तरं घेऊ.