उभे राहण्याचा हिशेब

मराठी भाषा उभ्या माणसाच्या बाजूची आहे. शिकून नोकरीला लागलेला मुलगा स्वतःच्या पायांवर उभा राहतो, संकटात मित्र पाठीशी उभे राहतात, निवडणुकीला उमेदवार उभा राहतो आणि सगळ्या आयुष्याला मिळून आपण उभा जन्म म्हणतो. बसण्याच्या वाट्याला काय आले पाहा. धंदा बसतो, घसा बसतो, आणि नोकरी गेलेला तरणाताठा माणूस घरी बसतो. सदतीस वर्षे बँकेत काढून आणि रात्री-अपरात्री कादंबऱ्या लिहूनही भाषेतला हा पक्षपात मला कधी जाणवला नव्हता. निवृत्तीच्या सुमारास, म्हणजे २०१८ साली, उभे राहणे हेच माझ्यापुरते एक अवघड काम होऊन बसले, तेव्हापासून तो पदोपदी जाणवतो.

दुखण्याचे नाव लांबलचक आहे : ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन. सरळ मराठीत सांगायचे तर उभे राहिल्यावर रक्तदाब कोसळणे. आडवा असताना मी ठीक असतो, बसलेला असताना पुष्कळसा ठीक असतो. उभा राहिलो की मिनिट-दोन मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारून येऊ लागते, समोरच्या माणसाचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो, मानेपासून दोन्ही खांद्यांपर्यंत ओढ लागते. तेवढ्यात बसलो तर थोड्या वेळात सारे पूर्ववत. नाही बसलो तर जमीनच जवळ येते. आजवर दोनदा आली. एकदा कपाळाला चार टाके पडले.

तसे पाहिले तर नवल करावे ते माणूस उभा राहू शकतो ह्याचेच. आपण उठून उभे राहिलो की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. मेंदू मात्र सगळ्यांत वर, माडीवर बसलेला. मानेतल्या कॅरोटिड धमन्यांत आणि छातीतल्या महाधमनीच्या कमानीत दाबावर पाळत ठेवणारी चेतातंतूंची टोके असतात. त्यांनी वर्दी दिली की मेंदूच्या बुडाशी असलेले केंद्र हुकूम सोडते, चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन सुटते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाचे ठोके वाढतात. काही सेकंदांत हा कारभार उरकतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही. मालकाला न विचारता चालते म्हणून जॉन लँग्ले ह्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८९८ साली ह्या यंत्रणेला स्वायत्त मज्जासंस्था असे नाव दिले. माझ्या शरीरात हुकूम सुटतो, पण खालपर्यंत पोचत नाही. बँकेच्या भाषेत बोलायचे तर खात्यात रक्कम पुरेशी आहे. पण ती खालच्या शाखेत पडून आहे आणि वरच्या शाखेत चेक वटत नाही.

निदान व्हायला तीन वर्षे गेली. त्यात भाषेचाही थोडा हात आहे. चक्कर, भोवळ, घेरी, अंधारी असे चार चार शब्द आपल्याकडे आहेत. दवाखान्यात मात्र सगळ्यांची चक्कर होते. चक्कर म्हटले की पहिला संशय कानावर. कानाच्या गोळ्या झाल्या. मान दुखते म्हटल्यावर मणक्याचे फोटो निघाले आणि गळ्यात पट्टा आला. उभे राहिल्यावर मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंना रक्त कमी पडते म्हणून ती ओढ लागते, हे मला पुढे कळले. कान झाला, मान झाली, मग मन उरले. निवृत्तीनंतर असे होते, छंद लावून घ्या, असा सल्ला मिळाला. ह्या सगळ्या काळात माझा रक्तदाब किमान वीस वेळा मोजला गेला असेल. प्रत्येक वेळी मी खुर्चीत बसलेला होतो.

शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी मला पाच मिनिटे आडवे निजवून दाब घेतला. मग म्हणाल्या, ‘आता उभे राहा, काका. धरायचं मात्र नाही.’ आडवा असताना वरचा आकडा १५८ होता. उभा राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला तो ९२ वर आला. नाडी जेमतेम चार-पाच ठोक्यांनी वाढली. निरोगी शरीर अशा वेळी हृदयाला चाबूक मारते. माझे मारत नव्हते. ह्या तपासणीला लागते काय, तर एक पलंग, एक रक्तदाबाचे यंत्र आणि दहा मिनिटांची सवड. तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर हे दुखणे आहे असे समजावे, हा संकेत १९९६ सालीच ठरलेला आहे. आणि ब्रॅडबरी आणि एगल्स्टन ह्या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी असे तीन रुग्ण १९२५ साली वर्णन करून ठेवले आहेत. तेव्हा घरात कोणी वडीलधारे ‘उठताना अंधारी येते’ म्हणत असतील, तर त्यांचा दाब एकदा उभे करून मोजायला अवश्य सांगा. पुष्कळदा कारण साधे निघते. रक्तदाबाच्या किंवा प्रॉस्टेटच्या गोळ्या, अंगातले पाणी कमी होणे, जुना मधुमेह.

माझे कारण साधे निघाले नाही. मधुमेह नाही, गोळ्यांचा दोष नाही; स्वायत्त मज्जासंस्थेचे तंतूच झिजत चालले आहेत. असे काही रुग्ण वर्षानुवर्षे एवढ्यावरच राहतात. काहींच्या बाबतीत ही पुढच्या कंपवाताची, किंवा त्याहून वाईट अशा आजाराची पहिली वर्दी ठरते. माझे कोणते, हे आज कोणी सांगू शकत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी डॉक्टरबाई माझी चाल पाहतात, वासाची जाण विचारतात, आणि एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून सही करायला सांगतात. कंपवातात अक्षर बारीक होत जाते. मग तो कागद मागच्या कागदांशेजारी ठेवला जातो. नोकरीत मी हजारो सह्या नमुन्याशी ताडून पाहिल्या. आता माझी ताडली जाते. त्या अर्ध्या मिनिटात खोलीत कोणी बोलत नाही. अजून तरी सही जुळते आहे.

बाकी दिवस हिशेबात जातो. सकाळ सगळ्यांत वाईट, कारण रात्रभर आडवे राहिल्याने दाब वर चढतो आणि मूत्रपिंडे मीठ-पाणी बाहेर टाकत राहतात. त्यावर उपाय म्हणून पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवल्या आहेत. उठायच्या आधी पलंगावर बसूनच अर्धा लिटर पाणी पिऊन टाकायचे. नुसत्या पाण्याने ह्या रुग्णांचा दाब चांगला चढतो, हे २००० सालच्या संशोधनात दिसून आले. पाच-दहा मिनिटांत गुण येऊ लागतो, अर्ध्या तासाच्या सुमारास शिखर गाठतो, मग ओसरतो. माझी बाहेरची कामे त्या तासाभरात बसवावी लागतात. मग पोटाला घट्ट पट्टा. कंबर कसणे हा वाक्प्रचार मी आता शब्दशः पाळतो. मीठ थोडे जास्त खायचे; आयुष्यभर ‘मीठ कमी’ वाचत आलेल्या माझ्या पत्नीला अजून ते पटत नाही, ती मीठ वाढताना माझ्याकडे पाहत नाही. आंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून. जेवण थोडे थोडे, पाच वेळा. पोटभर भात झाला की रक्त पचनाच्या कामाला जाते आणि दाब पडतो. श्रीखंड-पुरीचे जेवण करून सुपारी कातरत उभ्याने गप्पा मारण्याचे दिवस संपले. आणि दुपारची वामकुक्षी आरामखुर्चीत, कारण पाठ टेकून सपाट पडलो की दाब दुसऱ्या टोकाला जातो. उभ्याने कमी आणि आडव्याने जास्त, अशा दोन विहिरींमधल्या बांधावरून चालायचे असते. मिडोड्रिनची गोळी दाब चढवते, पण ती घेऊन आडवे व्हायचे नाही.

एक देशी युक्ती मला फार आवडली. अंधारी येऊ लागली की उकिडवे बसावे. पायांतले आणि पोटातले रक्त पिळून वर येते. एस. टी.च्या थांब्यावर उकिडवे बसलेले आपले खेडूत हे शास्त्र न शिकता जाणतात. धोका पुढे आहे. उकिडव्यावरून उठताना दाब आणखी झपाट्याने पडतो. त्यामुळे घरातल्या भारतीय पद्धतीच्या संडासाला आम्ही निरोप दिला. रांगेतली माणसे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार का टाकत राहतात, हेही आता कळले. पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलणारा पंपच आहेत. २०१६ च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या वेळी, शाखेच्या काचेतून मी दिवसचे दिवस त्या रांगा पाहिल्या. ती सारी माणसे नकळत आपापला पंप मारत होती.

ह्या दुखण्याची खरी अडचण शरीरात नाही. ती लोकांत आहे. बसलेला असताना मी ठणठणीत दिसतो. काठी नाही, प्लास्टर नाही, खोकला नाही. डोंबिवलीहून निघणाऱ्या गाडीत चौथ्या सीटसाठी मी ‘जरा सरकता का’ म्हणतो, तेव्हा समोरचा माझ्याकडे पाहून मनात जे म्हणतो ते मला ऐकू येते. अपंगांच्या डब्यात चढावे तर दाखला हवा. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्या यादीत ह्या दुखण्याचे स्वतंत्र नाव नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना घरपोच सेवा द्यायला सांगितले, ते सत्तरीपुढच्यांना आणि अपंगांना. सत्तरीला मला अजून काही वर्षे आहेत. हयातीचा दाखला तेवढा २०१४ पासून घरबसल्या देता येतो. घरबसल्या! बसण्याचा मान राखणारा हा एक तरी शब्द मराठीत निघाला.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे आहे. ते मला व्यवस्थित झेपते. दोन मिनिटांची श्रद्धांजली पाय एकमेकांत आवळून धरली तर निभते. आरत्या मात्र एकीला जोडून दुसरी सुरू झाल्या की मी खुर्ची ओढतो. पुस्तक प्रकाशनाला बसून बोलतो. सूत्रसंचालक दर वेळी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ म्हणून माझ्या वतीने क्षमा मागतो. क्षमा कसली? शब्द तोंडातून निघतात, गुडघ्यांतून नाही.

पण एक गोष्ट बोचते. गेल्या वर्षी माझा चाळीस वर्षांचा मित्र गेला. त्याला खांदा देता आला नाही. स्मशानात सगळे उभे होते आणि मी एका प्लास्टिकच्या खुर्चीत. त्याच्या धाकट्या भावाने आणून ठेवली होती, मी न मागता. मला वाटले होते की बसल्यामुळे मी त्याच्यापासून लांब राहीन. तसे झाले नाही. उभा असतो तर तो सगळा वेळ मी स्वतःची शुद्ध सांभाळण्यात घालवला असता. बसलो होतो म्हणून त्याला शेवटपर्यंत पाहू शकलो.

माझ्या वयाच्या माणसाला खुर्ची मिळून जाते. केस पांढरे असण्याचा तेवढा फायदा. ह्याच घराण्यातला पॉट्स नावाचा एक विकार बहुतांशी तरुण मुलींना होतो. त्यात दाब पडत नाही, पण उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी तिसाहून अधिक ठोक्यांनी धावते. त्याची व्याख्या १९९३ साली झाली आणि कोरोनानंतर तो अनेकांत दिसू लागला. चोवीस वर्षांची मुलगी गाडीत जागा मागते तेव्हा तिला काय ऐकावे लागत असेल, ह्याची मी कल्पना करू शकतो. तिला दाखला विचारू नये. जो बसू का म्हणतो, त्याला बसू द्यावे. खोटे बोलून कोणी मिळवले तर काय मिळवले, एक खुर्ची!

उभे राहण्याचा आदर्श म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो तो पंढरीचा विठोबा. कमरेवर हात, पायांखाली वीट, अखंड उभा. आषाढी-कार्तिकीला दर्शन चोवीस तास खुले राहते, देवाची झोप बंद होते, म्हणून शेजघरातला पलंग बाहेर काढतात. पण त्याच वेळी पुजारी आणखी एक गोष्ट करतात. उभे राहून देव शिणेल म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा लोड लावतात, रखुमाईला तक्क्या देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला स्नान घालतात, शीण जावा म्हणून काढा दाखवतात, आणि पलंग परत येतो. ज्यांनी ही रीत घातली त्यांना उभे राहण्याची किंमत ठाऊक होती. लोड मिळावा म्हणून देवाला अर्ज करावा लागला नाही, आणि लोड लावल्याने त्याचे उभे राहणे कमी झाले असे कोणत्याही वारकऱ्याला वाटले नाही.