दीर्घकालीन निद्रानाश : औषधोपचार व वर्तनोपचार

झोपेसाठी पुरेसा वेळ व अनुकूल स्थिती असूनही आठवड्यातून किमान ३ रात्री झोप न लागणे, मध्येच मोडणे किंवा फार पहाटे जाग येणे आणि त्यामुळे दिवसाची कामे बिघडणे, ही अवस्था ३ महिने टिकल्यास तिला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. जालना येथील पोलाद कारखान्यांतील रात्रपाळी किंवा पिकांना रात्री पाणी देताना होणारे जागरण याहून भिन्न होय; तेथे झोपेची संधीच मिळत नाही.

औषधोपचार
झोल्पिडेम, अल्प्राझोलाम यांसारख्या औषधांचा गुण लवकर येतो. मात्र त्यांची सवय जडू शकते, वृद्धांमध्ये पडण्याचा धोका वाढतो आणि ती अचानक बंद केल्यास निद्रानाश बळावतो. म्हणून मात्रा वैद्यकीय सल्ल्याने हळूहळू कमी करतात.

वर्तनोपचार
बोधात्मक वर्तनोपचारात साधारणतः ४ ते ८ सत्रे असतात. उठण्याची वेळ ठरवणे, झोप न आल्यास अंथरूण सोडणे आणि अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेइतका मर्यादित करणे, ही त्याची प्रमुख अंगे होत. ८ तास पडून ६ तास झोपणाऱ्यास प्रथम ६ तासच दिले जातात. झोप सलग झाल्यावर वेळ वाढवतात. आरंभी दिवसा पेंग येते. त्यामुळे वाहनचालक व अपस्माराचे रुग्ण यांनी हा उपाय देखरेखीखालीच करावा.

तुलना
औषधाचा परिणाम बहुधा ते घेईपर्यंत राहतो. वर्तनोपचाराचा नंतरही टिकतो. त्यामुळे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये वर्तनोपचारास प्रथम पसंती दिली. प्रशिक्षित उपचारकांची कमतरता ही त्याची मुख्य अडचण आहे. भारतात २०२२ पासून १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मानसिक आरोग्यविषयक मोफत सल्ला मिळतो.