अर्ध्या किमतीतला वॉकर

दिवाळीच्या सुमारास इंदूरच्या राजवाडा परिसरात सवलतींचे फलक झळकू लागले, की तरुण आईवडील हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, दोन हजारांचा वॉकर हजारात मिळतोय, घ्यावा का?" हजार रुपये वाचणार, याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असते. वस्तुतः खिशातून हजार रुपये जाणार असतात. आणि घरभाडे, किराणा भागवून कशीबशी महिनाअखेर गाठणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नव्हे.

म्हणून किमतीआधी गरज तपासावी. चाकांच्या वॉकरमध्ये बसवल्याने मूल लवकर चालू लागत नाही. उलट रांगण्याचा, आधार धरून उभे राहण्याचा सराव कमी होतो. शिवाय ते क्षणार्धात जिन्यापाशी वा शेगडीपाशी पोहोचते. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा. तो मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते.

बाळाला हवी असते स्वच्छ चटई, मोकळी जागा आणि जवळ बसलेले मायेचे माणूस. त्या हजार रुपयांत डाळी, अंडी, फळे येतील. लसीकरणाच्या भेटीत आपण सर्वांनीच हे दोन शब्द आवर्जून सांगितले, तर काही घरांतला पैसा वाचेल आणि काही अपघातही टळतील.