सातबाऱ्यावरचा पालक आणि कोर्टाने नेमलेला पालक

सांगली जिल्ह्यातल्या सातबारा उताऱ्यांवर लहान मुलाच्या नावाबरोबर अनेकदा ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं दिसतात. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वडील वारले, वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला आणि मुलासोबत आईचं, आजोबांचं किंवा चुलत्याचं नाव लागलं, की घरातली मंडळी धरून चालतात : आता जमिनीचे व्यवहार हीच व्यक्ती करणार. पालकत्वाबद्दलच्या गोंधळाची सुरुवात बहुधा इथूनच होते आणि त्याची किंमत त्या मुलाला मोजावी लागते.

गैरसमज : अ.पा.क. म्हणून नाव लागलं, की जमीन विकता येते.

वस्तुस्थिती : ती फक्त महसुली नोंद आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 8 नुसार जन्मदात्या आईवडिलांनाही मुलाची स्थावर मिळकत विकायला, गहाण टाकायला किंवा बक्षीस द्यायला न्यायालयाची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. पाच वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही हाच नियम आहे. चुलता किंवा मामा केवळ मुलाचा सांभाळ करतो म्हणून त्याला हा व्यवहार करताच येत नाही. कलम 11 ते स्पष्ट मना करतं. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीचे नियम मात्र वेगळे आहेत.

समजा, तासगावकडच्या एका द्राक्षबागेवर सोसायटीचं कर्ज आहे आणि ते फेडण्यासाठी विधवा आईला बागेचा तुकडा विकायचा आहे. मुलाच्या हिश्शासाठी तिला कोर्टात अर्ज करावा लागेल. कर्ज किती, भाव काय मिळतोय, पैशाचं पुढे काय करणार, हे सगळं त्यात मांडावं लागेल. मुलाची गरज किंवा उघड फायदा दिसला तरच परवानगी मिळते. मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याची अटही न्यायालय घालू शकतं. परवानगीविना झालेली विक्री रद्द करून घेण्याचा दावा ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत लावू शकतं. स्वस्तात जमीन मिळाली म्हणून खूश झालेल्या खरेदीदारानेही हे ध्यानात ठेवावं.

गैरसमज : वडील गेल्यावर आईलाही कोर्टातून पालक व्हावं लागतं.

वस्तुस्थिती : नाही. वडिलांनंतर आईच नैसर्गिक पालक असते. 1970 मध्ये विदर्भातल्या जिजाबाई गजरे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय त्याच्याही पुढे गेलं. वडील हयात होते, पण वेगळे राहत होते आणि मुलीकडे पाहतच नव्हते. अशा वेळी आईच नैसर्गिक पालक, असं न्यायालयाने मानलं. लेखिका गीता हरिहरन मुलाच्या नावे रोखे घ्यायला गेल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली होती. त्या प्रकरणात 1999 साली निकाल लागला : वडील हयात असले तरी मुलाची जबाबदारी घेण्याच्या स्थितीत नसतील, तर आई पालक म्हणून सही करू शकते.

गैरसमज : ज्याने सांभाळलं, त्याचाच हक्क.

वस्तुस्थिती : 2019 मध्ये महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. आई कर्करोगाने वारली होती, वडील मधल्या काळात गंभीर आजारी होते आणि चिमुरडीला मावश्यांनी जिवापाड जपलं होतं. तरीही ताबा वडिलांना मिळाला. मुलीचं हित तिथेच आहे, असं न्यायालयाला दिसलं. सर्व धर्मांना लागू असलेल्या पालक व पाल्य अधिनियम, 1890 मध्ये निकष दिलेले आहेत : मुलाचं वय, अर्जदाराचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, वारलेल्या आईवडिलांची इच्छा. समजत्या वयाचं मूल असेल तर त्याचं म्हणणंही न्यायालय विचारात घेऊ शकतं.

गैरसमज : स्टँपपेपरवर नोटरी केली, की पालकत्व मिळालं.

वस्तुस्थिती : नातेवाइकांच्या संमतीचा कागद पुरावा म्हणून उपयोगी पडेल, पण त्याने कोर्टाचा आदेश मिळाल्यासारखं होत नाही. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयाकडे किंवा अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे, तिथे ताबा आणि सांभाळ यांचे प्रश्न त्याच्याकडे जातात.

गैरसमज : पालक नेमला म्हणजे मूल दत्तक गेलं.

वस्तुस्थिती : मूल आपल्याच आईवडिलांचं वारस राहतं. पालकाच्या इस्टेटीत त्याला आपोआप वाटा मिळत नाही. उलट, मिळकतीच्या पालकाकडून न्यायालय जामीनपत्र आणि हिशेब मागू शकतं. गैरवापर दिसला तर त्याला काढूनही टाकतं.

गैरसमज : कोर्टाने पालक नेमलेलं मूल 21 व्या वर्षी सज्ञान होतं.

वस्तुस्थिती : हा नियम खरोखरच होता. 1999 च्या दुरुस्तीनंतर मात्र अशा मुलांनाही 18 वर्षं पूर्ण होताच सज्ञान मानलं जातं.

खर्चाच्या धास्तीने कुणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. सांगली असो वा सातारा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच भेटेल. सातबारा, मृत्यूदाखला आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन तिथे आधी जा. इसारपावतीवर सही त्यानंतर.