जीव वाचला, पुढे काय?

१९८३ साली दंडसंहितेत ४९८अ कलम आलं. सासरचा छळ बाईला जीव द्यायला भाग पाडतो, हे कायद्याने लेखी मान्य केलं. पण तीच बाई वाचली, की आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलच्या ३०९ कलमाखाली गुन्हेगार ठरे. म्हणून पोलिसांपुढचा जबाब घरातच ठरायचा: ‘पोटात दुखत होतं’, ‘चुकून पोटात गेलं’. खरं कारण केसपेपरवर येतच नसे.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही दिशा बदलली. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं मानावं, तिला शिक्षा नको, शासनाने उपचार द्यावेत, असं त्यात म्हटलं. १ जुलै २०२४ला दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेतून जुनं ३०९ कलम गेलं.

कारणं मात्र घरात तशीच राहिली. नवऱ्याची दारू, मारहाण, मूल न होणं किंवा मुलीच होणं, कर्नाटकाच्या सीमाभागात निपाणीकडे तंबाखू-विडीची तुटपुंजी मजुरी. अलीकडे बचतगटाच्या नावावरचं कर्ज आणि दारात बसलेले वसुलीवाले. त्यांना आवरायला कर्नाटकाला फेब्रुवारी २०२५मध्ये अध्यादेश काढावा लागला. या सगळ्या कारणांत बाळंतपणानंतरचं किंवा वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं नैराश्य मिसळतं. २०२१मध्ये देशात आत्महत्येने गेलेल्या ४५,०२६ स्त्रियांपैकी २३,१७८ गृहिणी होत्या. लग्न झालं म्हणजे बाई सुरक्षित झाली, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

एकदा प्रयत्न केलेल्या बाईला पुढचा धोका सर्वांत जास्त असतो. तरी डिस्चार्जनंतर ती त्याच घरात परतते आणि विषयावर पडदा पडतो. चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेने वेगळा मार्ग तपासला: दवाखान्यात तासभर नीट बोलणं, मग १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८मध्ये निष्कर्ष आले. अशी विचारपूस झालेल्यांत आत्महत्येने झालेले मृत्यू खूपच कमी होते.

सीमाभागात हे बोलणं मराठीतूनही व्हायला हवं. कागल, गडहिंग्लज, चंदगडहून सीमेपलीकडे कर्नाटकात नांदायला आलेल्या सुनेचं दुःख कन्नड फॉर्मवर कसं उतरणार? ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, पण फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर तो तिच्या काय कामाचा? बाळंतिणीच्या घरी आशाताई ४२ दिवसांत अनेकदा जातात. मरणाच्या दारातून परतलेल्या बाईच्या घरीही त्यांनी तसंच जावं, आणि सरकारने त्या कामाचं मानधन द्यावं.